दुधावरचा आळ

माझ्या दुधाला नावं ठेवणारी माणसं आता बहुतेक वर गेली, म्हणून जरा सविस्तरच सांगते. ती होती तेव्हाही सांगायला मी भ्यायले नसते, पण घरात दोन लहान पोरं, आल्यागेल्याचा स्वयंपाक आणि दुकानातल्या कारागिरांचा दोन वेळचा चहा. बोलायला सवड कुणाला होती? आता सवडच सवड आहे. दात थोडेच उरलेत, पण जीभ शाबूत आहे.

मी निपाणीकडची. लग्न होऊन बेंगळूरला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं व्हायची होती. शिवाजीनगरच्या बाजारामागच्या एका बोळात आमचं घर, आणि बोळाच्या तोंडाशी आमचं शिवणकामाचं दुकान. सासरची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. घरात मराठी बोलायची, पण अधूनमधून कानडी शब्द ठरलेले. "आमटीत स्वल्प मीठ घाल" असं ऐकून मी पहिल्या दिवशी फिस्सकन हसले होते, आणि ते पुढं बरीच वर्षं मला ऐकवलं गेलं. महाराष्ट्राला ही सगळी माणसं 'मुलूख' म्हणायची. 'आमच्या मुलखात असं करतात, तसं करतात.' गंमत अशी की त्यातल्या एकानंही तो मुलूख डोळ्यांनी पाहिला नव्हता. आमच्यातले एक म्हातारे काका तेवढे दर चैत्रात कुलदेवीला जाऊन यायचे आणि येताना प्रसादाची खडीसाखर घेऊन यायचे, चांगली पोतडीभर. ती आमच्या घरी वाटली जायची. बोळातलं प्रत्येक मराठी घर आपला वाटा पितळी डब्यात घालून देवघरात ठेवायचं, आणि तो डबा वर्षभर पुरवायचं.

घर चालवायच्या अक्का, ह्यांच्या थोरल्या बहीण. अक्कांचं लग्न झालं तेव्हा त्या परकरात होत्या, आणि नवरा गेला तेव्हाही फार मोठ्या नव्हत्या. माहेरी परतल्या त्या कायमच्या. आई गेल्यावर ह्यांना त्यांनीच वाढवलं. पेठेतला भाजीवालाही त्यांना अक्काच म्हणायचा आणि वजनात कधी फसवायचा नाही. त्या दुकानाच्या दारात उभ्या राहून बोलायला लागल्या की शिलाई मशीनं थांबायची. मी त्यांना भ्यायचे, आणि भिते हे कळू नये म्हणून उलट बोलायचे.

माझ्या थोरल्याला पाळण्यात निजवायचं काम अक्कांचं. दुकानातल्या मलमलीच्या चिंधीत प्रसादाचा खडा ठेवायच्या, तिची इवलीशी पुरचुंडी बांधायच्या, पुरचुंडीचा दोरा पाळण्याच्या कडीला अडकवायच्या आणि ती पोराच्या तोंडात द्यायच्या. पोर चोखत चोखत गप्प झोपायचं. "देवीचा प्रसाद तोंडात घेऊन झोपतंय, कशाला रडेल," असं म्हणायच्या. बोळातल्या सगळ्या मराठी घरांत हीच रीत होती. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं, पण सासरी आल्यावर बाई काय काय नवं शिकते, त्यातलंच हे एक, असं मी धरून चालले.

थोरल्याला वरचे पटाशीचे दात आले, आणि येऊन स्थिरावतात न स्थिरावतात तोच त्यांच्यावर हिरड्यांलगत खडूसारखे पांढरे डाग दिसायला लागले. मग ते पिवळे झाले, मग तपकिरी. पोरगं दुडुदुडु पळायला लागलं तोवर समोरच्या दातांचे काळे खुंट उरले होते. बाजारातल्या स्टुडिओत त्याचा फोटो काढायला नेला. फोटोवाला म्हणाला, "नगु मरी," म्हणजे हस बाळा. बाळ हसलं. फोटोवाला हळूच मला म्हणाला, "तोंड मिटूनच काढू या, अम्मा." तो फोटो अजून माझ्या खोलीत आहे. मिटल्या तोंडाचं, गोंडस, जरा चिडलेलं पोर.

घरी येऊन मी रडले. अक्कांनी मला रडू दिलं आणि मग निकाल दिला. "दोष दुधात आहे. तंबाखूच्या गावची हवा ती. तिथल्या बाईचं दूध कडकच असणार."

झालं. त्या दिवसापासून बोळात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. निपाणीला तंबाखूची वखार कुठल्या टोकाला आणि आमचं घर कुठल्या टोकाला, हे कुणाला सांगणार? माझ्या आईनं सहा पोरं अंगावर पाजून वाढवली आणि सहाच्या सहा आम्ही ऊस सोलून खायचो. पण माझ्या बाजूनं साक्ष द्यायला बेंगळुरात कोण होतं? हे होते, पण ह्यांनी अक्कांपुढे कधी मान वर केली नव्हती. मला म्हणायचे, "जाऊ दे गं, दुधाचेच दात ते, पडणारच आहेत." म्हटलं, पडणार आहेत हे मलाही कळतं, पण तोवर पोरानं जेवायचं कशानं? चपातीचा तुकडा चावताना ते कळवळायचं, आणि ह्यांना ते दिसत नव्हतं कारण ह्यांचं जेवण दुकानात व्हायचं.

मध्ये अक्कांनी दातातली कीड काढणारा एक माणूस आणला. त्यानं कसल्याशा बिया जाळून पोराच्या तोंडात धूर सोडला आणि पाण्याच्या वाटीत पांढऱ्या बारीक अळ्या काढून दाखवल्या. अक्कांनी हात जोडले. त्याच आठवड्यात त्यानं शेजारच्या म्हातारीच्या तोंडातूनही तशाच अळ्या काढल्या. त्या म्हातारीला एकही दात नव्हता. मी हे अक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, "तुला फार कळतं."

आणि मग धाकटी झाली. गोरीपान, भरपूर जावळ, आणि भुकेला वाघीण. तिसऱ्याच दिवशी अक्का माझ्या खाटेपाशी येऊन बसल्या. त्यांनी गवळ्याशी बोलणं करून ठेवलं होतं. आवाज चढवला नाही, उलट नेहमीपेक्षा मऊ बोलल्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "पहिल्याचं झालं ते झालं. पोरीच्या जातीचं तोंड किडकं झालं तर तिला कोण करून घेईल? दात नाहीत तोवर पाज. पहिला दात दिसला की तुझं दूध बंद. मी वरचं दूध घालून वाढवीन तिला."

माझ्या पोरीला माझ्या अंगावरून तोडणार, आणि तेही माझ्या दुधात विष असल्यासारखं. त्या दिवसापासून मी तिच्या हिरडीवर रोज बोट फिरवून बघायची. दुसऱ्या आया पहिल्या दाताची वाट बघतात, आणि मी देवाला म्हणायची, इतक्यात नको रे, इतक्यात नको.

धाकटी उपडी पडायला लागली त्या सुमारास थोरल्याचा गाल सुजला. डोळा अर्धा मिटला, ताप चढला. गावात दातांचं मोठं इस्पितळ नवंनवंच निघालं होतं. मी धाकटीला कडेवर घेतलं, थोरल्याला हाताला धरलं आणि बसनं तिकडे गेले. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. तिथं मुलांना बघायला एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची, कानडी, पदर खोचलेला आणि वर पांढरा कोट. सगळे तिला डॉक्टरम्मा म्हणत होते. तिनं थोरल्याच्या तोंडात बोट घातलं आणि तो आपल्या खुंटांनी तिला चावला. "सरी, सरी," ती म्हणाली, "अजून चावता येतंय, म्हणजे बरं आहे." आणि बोलता बोलता तिनं गळू फोडून मोकळं केलं. पोर रडलं, मग दमून माझ्या खांद्यावर निजलं.

मग तिनं मला कानडीतून विचारायला सुरुवात केली. गोड काय खातो? काही नाही. पेपरमिंट, बिस्किटं? अहो, आमच्या घरात असलं काही येतच नाही. बाटलीनं दूध? नाही, अंगावरच पाजलं. ती लिहिता लिहिता थांबली आणि खुर्चीला टेकून बसली. "तुमच्या भागातल्या सगळ्या मराठी आया मला हेच सांगतात. सगळ्यांच्या पोरांचे हेच दात जातात, आणि एकही पोर गोड खात नाही." इतक्या लहान मुलांचे दात इतक्या लवकर का किडतात, आणि ते थांबवायचं कसं, हेच ती तिथं शोधत होती. दुसऱ्या पेठांत काहीतरी सापडायचं, कुणी बाटलीत साखर घालायचं, कुणी गुळाचं पाणी पाजायचं. आमच्या बोळाशी आली की तिची गाडी अडायची.

मी सरळ विचारलं, "माझ्या दुधानं झालं का?"

गोड बोलून माझं समाधान करायला निघाली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता. ती म्हणाली, "मला ठाऊक नाही." मग झोपलेल्या थोरल्याचा ओठ तिनं अलगद वर केला आणि आरसा धरला. "पण हे नोडी, बघा." वरचे दात काळे. मग खालचा ओठ ओढला. खालचे दात शुभ्र, जोंधळ्याच्या दाण्यासारखे. मी आई, रोज त्याचं तोंड धुणारी, आणि मी हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. काळ्याकडेच डोळे जायचे. "दूध तोंडभर फिरतं," ती म्हणाली. "दोष दुधातच असता तर त्यानं वरचे खाऊन खालचे सोडले असते का? खालच्या दातांवर जीभ असते, ती त्यांना झाकते. वर काहीतरी बसून राहतंय. काय, ते मला कुणी सांगत नाही."

माझ्या जिवात जीव आला. पण नुसतं एवढं घेऊन अक्कांपुढे उभं राहण्यात अर्थ नव्हता. तिलाही ते पुरत नव्हतं. "माझ्याबरोबर तुमच्या लोकांच्या घरी याल का?" तिनं विचारलं. "मी कानडीत विचारते, त्या अदबीनं उत्तरं देतात आणि चहा पाजून वाटेला लावतात."

मी गेले. थोरल्याचा गाल उतरल्यामुळे अक्काही डॉक्टरम्मांवर खूश होत्या, त्यामुळे आडकाठी झाली नाही. दुपारची कामं आटोपली की धाकटीला कडेवर घ्यायची आणि एकेका घरी डॉक्टरम्मांना न्यायचं. आमच्या बायका मराठीत मोकळ्या बोलल्या. भरपूर बोलल्या. कुणाच्या मते ग्रहण पाळलं नव्हतं, कुणाच्या मते नळाचं पाणी, आणि दोघींनी माझ्या तोंडावर सांगितलं की आईचं दूध. गोडाचं विचारलं की मात्र सगळ्यांचं एकच, "छे गं, गोड कुठलं? पोराला आम्ही साखर दाखवत नाही." मी ते कानडीत सांगायची आणि डॉक्टरम्मा मान हलवायच्या. मलाही त्यात काही खोटं वाटत नव्हतं, कारण मीही हेच सांगितलं होतं.

मग एका दुपारी, धाकटीला अक्कांपाशी ठेवून, ज्यांचं सुयादोऱ्यांचं दुकान होतं त्यांच्या घरी गेलो. त्यांचं तान्हं पाळण्यात झोपलेलं. आई म्हणाली, "उठवू नका बाई, आत्ताच डोळा लागलाय, झोपेतच बघा." मी पाळणा धरला. डॉक्टरम्मा वाकल्या. पोराच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक दोरा बाहेर आला होता आणि पाळण्याच्या कडीपर्यंत गेला होता. मी तो दोरा हजारदा पाहिला असेल. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. डॉक्टरम्मांनी ओठ उचलला. खाली जीभ, खालचे दात जिभेखाली सुखरूप. आणि वरच्या दातांना लागून ती ओली, मऊ पुरचुंडी, जिथं डाग पडतात तिथंच, जणू मोजून ठेवलेली.

"हे काय आहे?" डॉक्टरम्मांनी विचारलं.

"ते काही नाही," पोराची आई म्हणाली. "प्रसाद आहे."

डॉक्टरम्मांनी माझ्याकडे पाहिलं. "कसला प्रसाद?"

"खडीसाखर," मी म्हणाले, आणि माझेच शब्द मला ऐकू आले. माझ्या हातातला पाळणा थांबला.

आता कुणी म्हणेल, इतक्या बायका खोटं बोलल्या. मुळीच नाही. उपास असलेल्या बाईला विचारून बघा, काही खाल्लंस का? नाही म्हणेल. तळहातावर घेतलेला प्रसाद ती खाण्यात धरतच नाही. प्रसाद हा प्रसाद असतो, तो गोडही नसतो आणि खाऊही नसतो. पोरांना साखर दाखवत नाही म्हणणाऱ्या बायका अगदी खरं बोलत होत्या, आणि त्यांची पोरं साखर तोंडात धरून झोपत होती. डॉक्टरम्मा बाहेर ओट्यावर येऊन बसल्या आणि हसायला लागल्या. "मला विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं," म्हणाल्या. "आमच्याकडेही देवाचं कुणी मोजत नाही."

त्यांनी मला समजावलं. जागेपणी तोंडात लाळ सुटत असते, ती दात धूत राहते. झोपेत लाळ आटते. मग साखर जिथं आहे तिथंच बसते, तोंडातले जंतू ती खातात, त्यातून आंबट रस सुटतो आणि तो कोवळ्या दाताला पोखरतो. त्याच दुपारी आम्ही पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. या वेळी गोडाचं विचारलंच नाही. विचारलं, "पोर झोपतं तेव्हा तोंडात काय असतं?" आणि प्रत्येक घरातून तोच पितळी डबा बाहेर आला. कोपऱ्यावरचं एक बिऱ्हाड नवंच बेळगावकडून आलेलं, त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. त्यांच्या पोरानं तोंड उघडलं आणि डॉक्टरम्मांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. पोराचे दात वरखाली सारखे पांढरे होते. त्याची आई त्याला अंगावरच पाजत होती.

मी घरी आले ती हवेत चालत. आणि उंबऱ्यातच अक्का उभ्या. "पोरीला दात आलाय," म्हणाल्या. "खालचा. मी बोट फिरवून बघितलं. उद्यापासून गवळी जास्तीचं दूध देईल."

मी जरा बेतानं बोलायला हवं होतं, सगळे म्हणतात. पण माझा स्वभाव तो नव्हे. मी सरळ धाकटीच्या पाळण्यापाशी गेले, तिच्याही पुरचुंडीचा दोरा कडीवरून सोडला आणि ती अक्कांच्या हातात ठेवली. "दोष दुधात नाही. यात आहे."

अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. "देवीच्या प्रसादानं दात किडतात म्हणतेस? जीभ झडेल तुझी."

"देवी जागेपणी प्रसाद घ्यायला सांगते, अक्का. झोपेत तोंडात कोंबायला नाही सांगत."

मग जे बोलणं झालं ते बोळभर ऐकू गेलं. दुकानातून हे धावत आले. मी सगळं सांगितलं, वरचे दात, खालचे दात, जीभ, दोरा, कोपऱ्यावरचं पोर. अक्का म्हणाल्या, कालची पोरगी डॉक्टरीण होऊन येते आणि देवीला नावं ठेवते. मी म्हटलं, "एक वर्ष द्या मला. पुढच्या चैत्रात प्रसाद येईपर्यंत. मी पाजीन, आणि पुरचुंडी बंद. पोरीच्या वरच्या दातांवर एक डाग दिसू दे, मी स्वतः तिला तुमच्या मांडीवर देईन आणि पुन्हा कधी दुधाचं नाव काढणार नाही."

अक्कांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मला पाहिलं, मग थोरल्याला, जो भांडण ऐकून तोंड उघडं टाकून उभा होता. आणि माझा नवरा, ज्यानं जन्मात कधी अक्कांना उलट शब्द केला नव्हता, म्हणाला, "एक वर्ष, अक्का. आजपासून दुकानातली मलमल पुरचुंडीसाठी घरात येणार नाही." एवढंच. बोलून घाम पुसत परत दुकानात गेले. मी त्यांच्यावर त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा मनापासून भाळले.

जिंकले होते, पण दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर अक्का पाळण्यापाशी बसलेल्या. पोर झोपत नव्हतं. अक्कांचे हात मांडीवर रिकामे पडले होते, आणि त्या पाळण्याकडे बघत होत्या. मला एकदम कळलं. मला पाजायला दूध होतं. अक्कांना देवानं काहीच दिलं नव्हतं, ना नवरा, ना पोर. ती पुरचुंडी हेच त्यांचं दूध होतं, आणि ते मी काढून घेतलं होतं.

डॉक्टरम्मांनी सांगितलं होतं, दूध पाजून झालं की ओल्या फडक्यानं दात आणि हिरड्या पुसायच्या, रोज, न चुकता. ते मी स्वतः करणार होते. मी मलमलीची एक चिंधी घेतली, वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं आणि दोन्ही अक्कांपुढे ठेवलं. "हे तुम्हीच करा," म्हटलं. "माझा हात जड आहे. ती मला चावते."

अक्कांनी चिंधी पाण्यात बुडवून पिळली. मग बोटाला गुंडाळली. पोरीनं तोंड उघडलं, त्यांचं बोट पकडलं आणि चावली. "जोर आहे," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. देवघरातल्या मूर्ती पुसाव्यात तशा त्या पोरीचे दात पुसायच्या, सकाळी आणि निजवायच्या आधी. निजताना तोंडात काही नाही. पहिले काही दिवस पोर चिडचिड करायचं, मग अक्का पाठीवर थोपटायला शिकल्या आणि मुलखातली कसलीशी ओवी म्हणायला लागल्या, जी त्यांच्या आईला येत होती. वरचे दात आले तेव्हा रोज सकाळी त्या तिला खिडकीशी उजेडात न्यायच्या आणि ओठ वर करायच्या. मी चुलीपाशी उभी राहून चोरून बघायची. अक्का काही बोलायच्या नाहीत. पोरीला खाली ठेवून कामाला लागायच्या. न बोलणं म्हणजे डाग नाही, हे मला हळूहळू कळलं.

चैत्र आला, म्हातारे काका पोतडी घेऊन आले, आणि नेहमीप्रमाणे बोळातली सगळी मराठी घरं आमच्या माडीवर जमली. मी डॉक्टरम्मांनाही बोलावलं होतं. त्या जिन्यापाशी बायकांत बसल्या होत्या. आरती झाली, प्रसाद वाटायला सुरुवात झाली. मागच्या वर्षी माझ्या तोंडावर आईचं दूध म्हणालेली एक बाई धाकटीकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "अजून अंगावर पाजतेस होय गं? थोरल्याचं बघूनही?"

माझं तोंड उघडलं होतं. सणसणीत उत्तर तयार होतं. पण अक्का माझ्या आधी उठल्या.

त्यांनी धाकटीला उचललं आणि मधोमध बसल्या. पोतडीतला एक खडा घेतला, कपाळाला लावला आणि तिच्या हातात दिला. धाकटीनं तो तोंडात घातला आणि समोरच्या दातांनी कडकन फोडला. आवाज माडीभर गेला. अक्कांनी तिला खडा संपवू दिला, मग भांड्यानं पाणी पाजलं, मग कमरेची मलमल काढून तिचे दात पुसले, आणि ओठ वर करून पोरीचं तोंड त्या बाईकडे वळवलं. वरचे दात, खालचे दात, सगळे पांढरेशुभ्र, एकसारखे.

"बघ," अक्का म्हणाल्या. "नीट बघ. सगळ्यांनी बघा. प्रसाद असा द्यायचा, जागेपणी, वर पाणी, मग पुसायचं. निजताना पोराच्या तोंडात काही ठेवायचं नाही, देवाचंही नाही. उद्यापासून मी घरोघर येणार आहे. कुणाच्या पाळण्याला दोरा दिसला तर माझ्याशी गाठ आहे."

डॉक्टरम्मांना आमचं मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्या डोळे पुसत होत्या. आणि अक्का खरंच घरोघर गेल्या. पुढच्या काही वर्षांत बोळातल्या पोरांची हसरी तोंडं बघायला डॉक्टरम्मा आपल्या इस्पितळातल्या शिकणाऱ्या मुलींना घेऊन यायच्या, आणि दात कसे पुसायचे ते अक्का त्यांना करून दाखवायच्या. थोरल्याचेही काळे खुंट पडून नवे दात आले, अक्कांनी ते रोज सकाळी उजेडात तपासले, आणि ह्यांनी त्याला पुन्हा त्याच स्टुडिओत नेऊन तोंडभर हसता फोटो काढून आणला. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी माडीवर धाकटी, तोंड पुसल्याचा राग येऊन, रडायला लागली. अक्का उठल्या, सगळ्यांच्या देखत माझ्यापाशी आल्या आणि तिला माझ्या मांडीवर ठेवलं. माझी माफी त्यांनी मागितली नाही, आणि मला ती नकोही होती. माझा पदर त्यांनी स्वतःच्या हातानं सारखा केला.

"भूक लागलीय तिला," म्हणाल्या. "पाज."